मशीन पिकअप घेत नाही

दिवाळी आटोपली की गडचिरोलीतल्या वडशाला दोन हंगाम एकदमच लागतात. नाटक कंपन्या झाडीपट्टीतल्या गावोगावी निघतात आणि जंगलात कुपांच्या, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यांच्या, तोडीची तयारी सुरू होते. पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेल्या चेन सॉ याच दिवसांत बाहेर निघतात. दोरी ओढली की सुरू होतात, मंद चालतातही बऱ्या. पण ट्रिगर पूर्ण दाबला की आवाज दबतो आणि गती मध्येच अडते.

मध्यम आकाराची चांगली चेन सॉ रिकामी फिरताना मिनिटाला 12 ते 14 हजार फेरे घेते. एवढ्या गतीला हवा भरपूर लागते, पेट्रोल अखंड लागतं आणि धुराला वाट मोकळी लागते. तिन्हींपैकी एक जरी तुंबलं तरी मंद गतीत ते कळत नाही, जोर मागितला की कळतं.

तरी बहुतेकांचा हात आधी जातो तो कार्बोरेटरवरच्या ‘एच’ स्क्रूकडे. तो आवळला की पेट्रोल कमी होतं, फेरे वाढतात आणि मशीन सुधारल्यासारखं वाटतं. पण टू-स्ट्रोक इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलातूनच. पेट्रोल घटलं की तेलही घटलं. पिस्टन तापतो आणि सिलिंडरला घासतो. नीट लावलेली सॉ पूर्ण ट्रिगरवर रिकामी असताना किंचित फडफडते आणि लाकडात शिरली की आवाज स्वच्छ होतो. रिकामी असतानाच जी तीक्ष्ण किंचाळते, तिचं आयुष्य थोडं, असं समजावं. माझ्या मते हा स्क्रू सगळ्यात शेवटचा.

आधी चेन ब्रेक सुटलाय का ते बघावं; हसू येईल, पण अर्धवट अडकलेला ब्रेक गती खातो. मग एअर फिल्टर झटकावा. टाकीचं झाकण किंचित सैल करून लगेच सॉ चालवून पाहावी. गती आली, तर टाकीत हवा जाण्याची वाट बुजलीय. टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर तारेच्या आकड्याने ओढून काढता येतो. काळा पडला असेल तर धुण्यापेक्षा बदललेला बरा. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तेल जास्त पडलं की ती काजळीने भरते.

पेट्रोलचा प्रश्न आता वेगळाच झालाय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि बऱ्याच सॉच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतच मुभा असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पुरेसं पाणी झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि फिल्टर नेमका तळाशीच लोंबतो. सॉ आडवीतिडवी धरूनही चालावी म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट नसतो, पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, असतो. जुन्या पेट्रोलात तो कडक होतो आणि ऐन जोरात इंजिन उपाशी राहतं. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. मिश्रण ताजं करावं. 50 ला 1 चं प्रमाण असेल तर लिटरला 20 मिली तेल. अंदाजाने बाटलीचं बूच भरून ओतू नये.

रिकामी सॉ पूर्ण गती घेते, पण सागात दम तोडते, तेव्हा इंजिनाला दोष देऊ नका. सागात सिलिका असते, ती दात लवकर बोथट करते. ऑरेगनच्या जो कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखून 1947 साली आजच्या धर्तीची चेन विकायला काढली. तिचे दात लाकूड खरवडत नाहीत, छिलके काढतात. छिलक्यांऐवजी पिठासारखा भुसा पडत असेल, तर गोल कानस हातात घ्यावी.

एवढं करूनही मशीन चढत नसेल, तर कार्बोरेटर खोलण्याआधी थंड इंजिनाचा सायलेन्सर काढावा आणि भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघावा. गुळगुळीत असेल तर डायफ्रामचा किट टाकून पाहता येतो. उभ्या रेघा दिसल्या, तर किटचे पैसे वाया जातील. सिलिंडर-पिस्टनचा भाव आणि नव्या सॉचा भाव शेजारी मांडावा. रेघा का पडल्या ते मात्र आधी शोधायचं. क्रँकचा सील हवा ओढत असेल तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल.