देऊळगाव राजापर्यंत आलेले सर्वेक्षण

चिकलठाण्यात जालना रोडच्या कडेला चहाच्या टपरीवर उभं राहिलं, की अर्ध्या तासात चार मराठी कानावर पडतात. शेजारी बसलेले म्हातारे बाबा विचारतात, "कामून उभे? बसा की." पुण्यात याला 'का' म्हणतील, अकोल्याकडं 'काहून'. 'का म्हणून' घासत घासत 'कामून' झालं असावं, असा माझा अंदाज. मागच्या बाकड्यावर 'मपलं-तुपलं' चाललेलं असतं, त्यात दखनीतलं 'हौ' आणि 'नक्को' बेमालूम मिसळलेलं. विमानतळ आणि एमआयडीसी आल्यावर आणखी किती बोल्या इथं उतरल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

मोजदाद करणारा एक माणूस होऊन गेला. तोही आयरिश. जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन १८५१ मध्ये डब्लिनजवळ ग्लेनागियरीला जन्मले आणि ट्रिनिटी कॉलेजात शिकले. अवधचे मीर औलाद अली त्या काळी त्याच कॉलेजात हिंदुस्तानी शिकवत होते. भारतात येण्याआधीच भारत कानावर पडण्याची अशी सोय फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल. १८७३ मध्ये ते बंगालच्या सनदी सेवेत दाखल झाले. बिहारच्या शेतकऱ्यांची अवजारं, भांडीकुंडी आणि गाड्यांचे भाग यांच्या नावांचा ग्रंथ त्यांनी १८८५ मध्ये काढला. पुढं 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया' हे आयुष्यभराचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ते १८९४ मध्ये सुरू झालं आणि १९०३ ते १९२८ या काळात ११ खंडांत, १९ पुस्तकांत छापून झालं. त्यात १७९ भाषा आणि ५४४ बोली आहेत.

या सर्वेक्षणाचा गाडा कसा चालायचा, ते पाहण्यासारखं आहे. जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडं कागद जात. प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवलेले असत. पहिला नमुना बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा स्थानिक बोलीतला तर्जुमा. ही गोष्ट निवडण्यामागं धर्मप्रचार नव्हता. तिच्यात मी, तू, तो ही तिन्ही सर्वनामं येतात, बहुतेक विभक्त्या येतात आणि क्रियापदाचे तिन्ही काळही. इथल्या लोकांना खटकेल असा मजकूर तेवढा किंचित बदलला होता. दुसरा नमुना तिथल्याच एखाद्या गोष्टीचा किंवा गाण्याचा, आणि तिसरा ठरावीक शब्दांचा व वाक्यांचा तक्ता. यातली मेख अशी, की साहेबाचा कागद समोर आल्यावर लिहून देणारा कारकून आपोआप शुद्ध बोलू लागतो. आजही गावात कोणापुढं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून बघा, 'कामून' जागच्या जागी 'का' होतं.

मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्याची मांडणी स्टेन कोनोव या नॉर्वेजियन पंडितानं केली आणि संपादन ग्रिअर्सननी. तोवर ते इंग्लंडात कॅम्बर्लीला राहायला गेले होते. घराचं नाव मात्र 'रॅथफार्नहॅम', डब्लिनच्या एका उपनगराचं. त्या खंडात पुण्याची मराठी आहे, कोकणातल्या बोली आहेत, वऱ्हाडी, नागपुरी आणि हळबीही आहे. कोकणीला त्यांनी मराठीची बोली ठरवलं. त्यावरून पुढं इतकी भांडणं झाली, की १९७५ मध्ये साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं तरी ती मिटली नाहीत.

त्या खंडासाठी चिकलठाण्यातून नमुना गेलाच नाही. मद्रास, ब्रह्मदेश, म्हैसूर आणि निजामाचं हैदराबाद संस्थान सर्वेक्षणाच्या बाहेर ठेवलं होतं, आणि चिकलठाणं ज्या औरंगाबादचं, ते निजामाचं. गंमत म्हणजे वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच होतं. पण १८५३ च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडं गेला, म्हणून वऱ्हाडी मोजली गेली. बुलडाण्यातलं देऊळगाव राजा कागदाच्या आत आणि तिथून हाकेवरचं जालना बाहेर. दोन्हीकडच्या बाया एकाच बाजारात जात असतील, एकमेकींच्या घरी लेकी देत असतील. बोलीला तहाची कलमं ठाऊक नव्हती, सर्वेक्षणाला होती. ग्रिअर्सनचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. पण त्यांच्या कानाची हद्द सरकारनं आखलेली होती, हे विसरून त्यांचा नकाशा वाचला की फसगत होते.

पुढं आपल्याकडं ही पोकळी थोडीफार भरू लागली. भाषाभ्यासक गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं, त्यात लोकांना चित्रं आणि छोट्या चित्रफिती दाखवून बोलतं करतात. समोर पडणारं भांडं दिसलं, की माणूस शुद्ध भाषा विसरतो आणि 'सांडलं की!' म्हणून मोकळा होतो. उधळ्या मुलाच्या तर्जुम्यापेक्षा ही युक्ती मला जास्त पटते.

ग्रिअर्सनच्या मायदेशानं याहून साधी वाट धरली होती. १९३५ मध्ये तिथं लोककथांचा आयोग स्थापन झाला आणि १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतल्या सुमारे ५० हजार मुलांना घरी धाडलं: आजी-आजोबांकडून म्हणी, औषधं, भुतांच्या गोष्टी, खेळ लिहून आणा. त्या वह्या अजून जपून ठेवल्या आहेत. त्यातही २६ काउंट्यांच्याच मुलांच्या वह्या आहेत. उत्तरेतल्या सहा काउंट्या ब्रिटनकडं राहिल्या होत्या, तिथल्या मुलांना कोणी वही दिली नाही.