असत्यशोधक यंत्र
चौकशीच्या वेळी व्यक्तीच्या शरीरात होणारे बदल एकाच वेळी नोंदविणारे उपकरण. यास ‘पॉलिग्राफ’ असेही म्हणतात. अमेरिकेतील बर्कली पोलीस दलातील जॉन लार्सन यांनी ते १९२१ मध्ये तयार केले. आधुनिक यंत्रात छातीभोवतीच्या नळ्यांनी श्वसन, दंडावरील पट्ट्याने रक्तदाब व नाडी आणि बोटांवरील विद्युत् अग्रांनी त्वचेची विद्युत् संवाहकता नोंदली जाते. तथापि यंत्रास कळतो तो केवळ क्षोभ, असत्य नव्हे. भयभीत निरपराध व्यक्ती त्यामुळे दोषी भासू शकते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (२०१०) या खटल्यात संमतीविना अशी चाचणी घेणे घटनाबाह्य ठरविले. संमतीने घेतलेल्या चाचणीचे निष्कर्षही स्वतः पुरावा म्हणून ग्राह्य धरले जात नाहीत.