चाळीस दिवसांचा चिल्ला

शब्दांची कुळे शोधत बसणे हा माझा जुना छंद आहे. त्याचा उपयोग काय, असे घरचे नेहमी विचारतात. २०२० साली मला थोडेसे उत्तर सापडले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ‘क्वारंटाइन’ हा शब्द आमच्या गल्लीत आला आणि आठ दिवसांत ‘कोरंटीन’ होऊन लहानथोरांच्या तोंडी बसला. हा शब्द मूळचा इटलीकडचा. ‘चाळीस’ या आकड्यापासून तो तयार झाला. प्लेगच्या काळात बाहेरून आलेली जहाजे काही दिवस बंदराबाहेरच थांबवायची, अशी रीत तिकडच्या बंदरांनी घातली. आज आपण ज्याला डुब्रोवनिक म्हणतो त्या शहराने १३७७ साली तीस दिवसांचा नियम केला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतला तो आकडा जगभर पोहोचला.

फारसीत चाळिसाला ‘चिहिल’ म्हणतात. त्यावरून ‘चिल्ला’ हा शब्द आला. सूफी साधक चाळीस दिवस एका खोलीत स्वतःला कोंडून घेतो आणि नामस्मरण करतो, तो चिल्ला. आमच्या घरांत बाळंतिणीचे चाळीस दिवस पाळतात आणि गेलेल्या माणसाचा चाळिसावाही करतात. शेजारच्या हिंदू घरांतला बाळंतिणीचा सव्वा महिना या हिशेबापासून फार लांब नाही. माणूस जगापासून थोडा बाजूला होतो आणि पुन्हा माणसांत येतो. या मधल्या वाटेची लांबी वेगवेगळ्या लोकांनी साधारण सारखीच धरली होती.

आता आपल्या टाळेबंदीचा हिशेब पाहा. २५ मार्चपासून १४ एप्रिलपर्यंत एकवीस दिवस. मग ३ मेपर्यंतची वाढ, म्हणजे आणखी एकोणीस. बेरीज बरोबर चाळीस! पुढे मुदत वाढतच गेली, ही गोष्ट वेगळी.

पण चिल्ला आणि टाळेबंदी यांत मोठा फरक आहे. साधक आपल्या मर्जीने खोलीत जातो. त्याच्या भाकरीची सोय कोणीतरी केलेली असते. आपल्याला रात्री आठ वाजता समजले आणि बारा वाजता दार बंद झाले. ज्यांच्या घरात धान्य होते ते घरात बसले. ज्यांचे हातावर पोट होते ते डोक्यावर बोचके घेऊन, पोरांचे हात धरून महामार्गाने चालू लागले. ‘टाळेबंदीत मी काय वाचले’ हे सांगताना ती माणसे डोळ्यांसमोर ठेवूनच सांगायला हवे. वाचन हा त्या दिवसांतला छतासारखाच एक आसरा होता, आणि छताप्रमाणेच तो सगळ्यांच्या वाट्याला आला नाही.

माझे कापडाचे छोटे दुकान आहे. लग्नसराई आणि रमजान हेच आमचे कमाईचे दिवस, आणि नेमके तेच दिवस कुलपात गेले. मनाची समजूत घातली, की चला, आता वाचायला वेळच वेळ. पहिल्या दिवशी कपाटातले एक जाडजूड पुस्तक काढले. संध्याकाळपर्यंत चार पाने झाली, आणि त्या चार पानांत काय होते हे रात्री सांगता येईना. पुढे अनेकांशी बोललो तेव्हा कळले, की पट्टीच्या वाचकांचीही हीच गत झाली होती.

असे का व्हावे? रिकामपण आणि निवांतपण यांत आपण गल्लत करतो. हातात काम नसले की रिकामपण येते. निवांतपण यायला मनाला खात्री लागते, की उद्या आपले माणूस असेल, दुकान उघडेल, दूध येईल. वाचताना मागचे पान मनात धरून पुढचे वाचावे लागते. भ्यालेले मन मागचे पान सोडून देते, कारण त्याचा एक कान सतत दाराकडे असतो. त्यात हातातला फोन दर पाच मिनिटांनी रुग्णांचा नवा आकडा सांगायचा. वेळ भरपूर होता, पण वाचायला लागते ते चित्त जागेवर नव्हते.

यातून वाट सापडली ती समोरच्या वाड्यातल्या बाईंमुळे. बाई म्हणजे ऐंशीच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका. पेपर घरपोच येणे बंद झाले तेव्हा त्या सज्जातून ओरडल्या, ‘‘काय रे, दुकान बंद ना तुझं? मग एखादं पुस्तक दे. नवीन नको, वाचलेलंच दे. शेवट माहीत असलेलं बरं वाटतं हल्ली.’’ त्यांनी दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. मी पुस्तक एक दिवस उन्हात ठेवून मग पिशवीत घातले. त्या काळात किराणाही आपण उन्हात ठेवत होतो आणि नोटांना इस्त्री करणारेही होते, हे आठवत असेल.

बाईंचे म्हणणे मला पटले. घाबरलेल्या मनाला ओळखीचे पुस्तक जवळ करते. शाळेत वाचलेली कथा, पाठ असलेली कविता, शेवट ठाऊक असलेली कादंबरी यांत दगाफटका नसतो. मीही तेच केले. एका वेळी दहा पाने, तीही मोठ्याने. मोठ्याने वाचले की डोळा, जीभ आणि कान असे तिघे कामाला लागतात, आणि मनाला पळायला वाट कमी उरते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि वेळ ठरवून घ्यायची. पंधरा दिवसांत मन थाऱ्यावर आले. वीस वर्षे कपाटात पडून असलेला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मी रोज थोड्या ओव्या असा वाचू लागलो. सतराव्या शतकातल्या या संताची मराठी घाईने वाचणाऱ्याला दाद देत नाही. त्या दिवसांत घाई तरी कुठली होती?

एप्रिलमध्ये आजाराला धर्म चिकटवणारे निरोप फोनवर फिरू लागले. गल्लीत आलेल्या एका भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवल्याचे मी खिडकीतून पाहिले. त्याची गाडी वळून नाक्यापर्यंत जाईपर्यंत मी पाहत राहिलो. त्या दिवशी पुस्तक उघडले नाही. संध्याकाळी बाईंची पिशवी खाली आली. आत वाचून झालेले पुस्तक होते आणि डब्यात गरम थालीपीठ. वरून आवाज आला, ‘‘पुढचं कधी देतोस?’’ बाईंनी भाजीवाल्याचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. मात्र दुसरे पुस्तक त्या दिवशी उन्हात न ठेवताच वर गेले.

दूरदर्शनवर २८ मार्चपासून ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा लागले होते. मुले आधी हसली, मग रोज बसू लागली. ‘महाभारता’ची पटकथा आणि संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले होते, हे मी सांगितले तेव्हा धाकट्याने विचारले, ‘‘मग त्यांना कुणी नाव नाही विचारलं?’’ मला लगेच उत्तर देता आले नाही.

छंदांबद्दलही थोडे. त्या दिवसांत कोणी घरीच पाणीपुरी केली, कोणी गच्चीत कुंड्या मांडल्या, कोणी माळ्यावरून कॅरम काढला. माझ्याही फुशारक्या चालू होत्या. एके दिवशी पत्नी भांडी घासता घासता म्हणाली, ‘‘तुम्हाला जो वेळ मिळालाय ना, तो माझ्याकडनं गेलाय.’’ खरेच होते. सगळे घरात, म्हणजे चहा पाच वेळा, स्वयंपाक तीन वेळा, आणि मदतीला येणारी बाई तिच्या घरी अडकलेली. घरातल्या एकाचा छंद बहुधा दुसऱ्याच्या कष्टावर उभा असतो. दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी माझ्याकडे आली. मग तिने जुन्या साड्यांची वाकळ शिवायला काढली. मी वाचायचो, ती टाके घालता घालता ऐकायची, आणि मी कंटाळून ओळ गाळली की बरोबर पकडायची.

रमजानही घरातच गेला. मशिदीत होणारी तरावीहची नमाज आम्ही बैठकीच्या खोलीत पढलो. २५ मेची ईद गळाभेटीविना झाली आणि शिरखुर्मा डब्यातून बाईंच्या पिशवीत गेला. जून संपता संपता संतांच्या पालख्या एसटीच्या बसने पंढरपूरला निघाल्या. आयुष्यभर वारी पाहिलेल्या बाई तेव्हा सज्जात बसून एवढेच म्हणाल्या, ‘‘यंदा तुझी ईद घरात, माझी एकादशी घरात.’’

राज्यातली ग्रंथालये १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडायला परवानगी मिळाली. मार्चमध्ये बंद होण्याआधी मी आमच्या वाचनालयातून एक कादंबरी आणली होती. ती परत करायला गेलो. देवघेवीच्या खिडकीला काच लागली होती. परत आलेली पुस्तके तीन दिवस वेगळी ठेवत होते. ग्रंथपाल मुखपट्टीआडून म्हणाले, ‘‘पुस्तकांनाही कोरंटीन!’’

त्यांनी पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी पाहिली. वर मार्चचा शिक्का होता. त्याखाली त्यांनी ऑक्टोबरचा मारला. मधले सात महिने त्या चिठ्ठीवर कोरेच राहिले. कोणी नुसती चिठ्ठी पाहिली तर म्हणेल, एवढे दिवस पुस्तक एकाच माणसाकडे पडून होते. प्रत्यक्षात ते मी वाचले होते, पत्नीने वाकळ शिवताना ऐकले होते, मोठ्या मुलाने वाचले होते, आणि दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जाऊन बाईंनी दोनदा वाचले होते.

मी दंड विचारला. ग्रंथपाल म्हणाले, ‘‘या वर्षाचा दंड कुणी कुणाला लावायचा?’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)