दूरस्थ सेवा, भिन्न संगणकीय भाषा आणि सामायिक संदेश : पथकर नाक्याच्या उदाहरणाद्वारे विवेचन

प्रस्तावना :
एका संगणकावरील आज्ञावलीने दुसऱ्या संगणकावरील आज्ञावलीकडून काम करवून घेणे, यास दूरस्थ सेवा म्हणता येईल. १९८४ मध्ये अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. दोन्ही आज्ञावल्या भिन्न भाषांत असल्यास हा व्यवहार कसा घडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

व्यवहाराचे स्वरूप :
नागपूर–अमरावती महामार्गावरील नांदगाव पेठ येथील पथकर नाक्याचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग अनिवार्य झाला. काचेवरील फास्टॅग वाचला जाताच नाक्याची नोंद नाक्याच्या बँकेकडे, तेथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे आणि पुढे वाहनधारकास फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे जाते. या संस्थांच्या प्रणाली एकाच भाषेत असाव्यात, अशी अट घालणे व्यवहार्य नाही.

समस्या व उपाय :
जावा भाषेतील 'इंट' ही संख्या नेहमी ३२ बिटांची असते. सी भाषेत तिचा आकार यंत्रानुसार बदलतो. पायथॉनमध्ये पूर्णांकास अशी ठराविक मर्यादाच नसते. त्यामुळे स्मृतीतील माहिती जशीच्या तशी पाठविता येत नाही. म्हणून ती एक्सएमएलसारख्या सामायिक मजकुरात रूपांतरित करून पाठविली जाते. प्रत्येक घटकाचे नाव व स्वरूप पूर्वनिश्चित असते. स्वीकारणारी प्रणाली तो मजकूर आपल्या भाषेतील स्वरूपात आणते.

अर्थाची एकवाक्यता :
तथापि स्वरूप समान असले तरी अर्थ समान असेलच असे नाही. रक्कम रुपयांत की पैशांत, हे ठरलेले हवे. २००८ च्या शुल्क नियमांत २४ तासांत परतणाऱ्या वाहनास दोन फेऱ्यांसाठी दीडपट शुल्काची तरतूद आहे. एका प्रणालीने भारतीय वेळ व दुसरीने जागतिक प्रमाणवेळ गृहीत धरल्यास साडेपाच तासांचा फरक पडून पात्र वाहनाची सवलत हुकू शकते. तसेच उत्तर वाटेत हरवल्यास मागणी पुन्हा पाठवावी लागते. प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक नसेल, तर तीच रक्कम दोनदा वजा होण्याचा धोका असतो.

निष्कर्ष :
भिन्न भाषांतील सेवांचा मेळ भाषांच्या एकीकरणाने नव्हे, तर संदेशाचे स्वरूप, अर्थ व पुनर्प्रेषणाचे नियम यांविषयीच्या स्पष्ट कराराने साधतो. हा करार संदिग्ध राहिल्यास त्याची किंमत अखेर सामान्य प्रवाशास मोजावी लागते.