हाताला माती लागू दे

दिव्यांग मुलाच्या दिवसात फिजिओथेरपी असते, स्पीच थेरपी असते, औषधांच्या वेळा असतात. खेळ असतो तो वेळ उरला तर, आणि मातीतला खेळ तर जवळपास नसतोच. कपडे मळतील, तोंडात घालेल, पडेल, लोक बघतील. मग मूल फरशीवर वाढतं. हाती येतात प्लॅस्टिकची खेळणी: सगळी गुळगुळीत, हलकी, बिनवासाची.

मॉंटेसोरी पद्धतीचा उगम मात्र अशाच मुलांमध्ये आहे. 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडण्याआधी मारिया मॉंटेसोरी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करत होत्या. स्पर्श, वजन, आकार यांतून शिकवण्याची दिशा त्यांना तिथे सापडली. हा विचार भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात रुजला. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी लाकडी साधनं वारली पाड्यांवर परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, गोटे, पानं हीच साधनं झाली. ज्या दिव्यांग मुलांमुळे ही वाट निघाली, त्यांनाच आपण अंगणाबाहेर ठेवलं, ही गोष्ट मला फार लागते.

अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी 1972 च्या ग्रंथात पाच ज्ञानेंद्रियांपलीकडच्या दोन जाणिवांवर भर दिला. एक तोलाची, कानाच्या आतल्या भागातून येणारी. दुसरी स्नायू-सांध्यांची, डोळे मिटले तरी हात कुठे आहे हे सांगणारी. ओल्या वाळूचं घमेलं ढकलताना, चिखल तुडवताना या दोन्ही कामाला लागतात. आयर्स यांच्या पद्धतीचा उपचार म्हणून किती उपयोग होतो, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण खेळानं औषध असलंच पाहिजे का? भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात इतर मुलांच्या बरोबरीने खेळता येणं हा हक्कच आहे.

स्वमग्न मुलाचा हात धरून चिखलात बुडवू नये, कधीच. काहींना ओला स्पर्श अक्षरशः सोसत नाही. आधी कोरडी वाळू, तीही चमच्याने किंवा करवंटीने. हात कधी घालायचा ते त्याचं त्याला ठरवू द्यावं. दृष्टिहीन मुलीसाठी गवती चहा, तुळस, ओवा अशी झाडं वाटेकडेला लावली, तर वासावरून ती आपण कुठे पोचलो ते ओळखू शकते. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला हवं असतं खाली गुडघे मावतील एवढ्या उंचीचं टेबल आणि त्यावर मातीचा ट्रे. सेरेब्रल पाल्सीत धड सावरत नसेल तर आधी नीट आधार द्यावा. तोल सांभाळण्यातच जीव गुंतला तर हात खेळणार कसे? पाठीच्या कण्याच्या दोषामुळे पायांना संवेदना नसतील, तर तापलेली फरशी किंवा वाळू आधी मोठ्यांनी हाताने तपासावी. त्या मुलाला चटका कळत नाही.

सगळं तोंडात घालणाऱ्या मुलांजवळ चिंचोके, गोटे नकोत, घशात अडकतात. गुंजा, एरंड, धोतरा, कण्हेर विषारी आहेत, ती खेळाच्या जागेत कोणासाठीच नसावीत. वाळू रात्री झाकावी, मांजरं घाण करतात.

आणि दिवाळीचा किल्ला! माती कालवायची, दगड रचायचे, पोतं चिखलात बुडवून डोंगरावर पसरायचं, हळीव पेरून रोज पाणी शिंपडायचं. एवढं सगळं एका खेळात असतं, पण तो रचला जातो जमिनीवर, अंगणाच्या कोपऱ्यात, बहुधा पायऱ्यांपलीकडे. खुर्चीतलं मूल लांबून बघतं आणि मोठी माणसं त्याच्या हातात एक मावळा देऊन मोकळी होतात. तोच किल्ला मजबूत टेबलावर रचता येतो. माती कालवण्याचं काम त्याला द्यावं. बुरूज वाकडा झाला तर वाकडाच राहू द्यावा. सोसायट्यांच्या किल्ले स्पर्धांमध्ये यंदा एवढा नियम घालावा: टेबलावरचा किल्ला चालेल, आणि स्पर्धेची जागा पायऱ्यांशिवाय पोचता येईल अशीच निवडली जाईल.