जपान : ट्रामचे पुनरागमन, बसची ओढाताण

जपानी रेल्वे म्हटली की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम बुलेट ट्रेन येते. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी जपानचे साह्य घेण्यात आले, मुंबईच्या कुलाबा-आरे भुयारी मेट्रोलाही जपानचेच कर्ज मिळाले. साहजिकच, शहरी वाहतुकीचा प्रश्न ज्याने कायमचा सोडवला असा देश, अशी जपानची प्रतिमा आपल्या मनात पक्की झाली आहे. टोकियो आणि ओसाकाच्या मध्यवर्ती भागापुरती ती बऱ्याच अंशी खरीही आहे. मात्र या दोन महानगरांच्या मध्यभागातून बाहेर पडले की चित्र बदलू लागते. तेथे सध्या एका जुन्या समजुतीची उलटतपासणी सुरू आहे. प्रवासी वाहतूक हा स्वतःच्या पायावर उभा राहणारा धंदा आहे, ही ती समजूत.

२०२३ या एकाच वर्षातील दोन घटना पाहिल्या तरी या उलटतपासणीची कल्पना येते. त्या वर्षी २६ ऑगस्टला टोकियोच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या उत्सुनोमिया शहरात १४.६ किलोमीटर लांबीचा नवाकोरा ट्राममार्ग सुरू झाला. पूर्णपणे नवी अशी ट्रामव्यवस्था जपानमध्ये तब्बल ७५ वर्षांनी उभी राहिली. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी, २० डिसेंबरला, ओसाकाच्या दक्षिणेकडील तोंदाबायाशी परिसरात बससेवा देणाऱ्या कोंगो जिदोशा या कंपनीने आपल्या सर्व बसगाड्या कायमच्या थांबवल्या. १९२५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी शंभरी गाठण्याच्या बेतात होती. हा भाग काही दुर्गम डोंगराळ मुलूख नव्हे, ओसाकात नोकरीला जाणाऱ्यांची येथे वस्ती आहे. एकीकडे नवे रूळ पडत होते आणि दुसरीकडे जुन्या बस उभ्या राहत होत्या. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे.

ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जपानच्या शहरी रेल्वेचा पाया ज्या खासगी कंपन्यांनी घातला, त्यांचा आदर्श होता इचिझो कोबायाशी हा उद्योजक. १९१० मध्ये ओसाकाजवळ त्याच्या कंपनीची विजेवर चालणारी गाडी सुरू झाली, तेव्हा त्या मार्गावर वस्ती अशी नव्हतीच. कोबायाशीने रुळालगतच्या जमिनी घेतल्या, घरे बांधली आणि मध्यमवर्गीयांना ती हप्त्यांवर विकली. मार्गाच्या एका टोकाला ताकाराझुका येथे त्याने करमणुकीचे केंद्र उभारले, तर दुसऱ्या टोकाला उमेदा स्थानकात १९२९ मध्ये भव्य दुकान थाटले. सकाळी नोकरदार शहराकडे, सुटीच्या दिवशी कुटुंबे उलट दिशेला, अशा रीतीने गाडी दोन्ही बाजूंनी भरू लागली. रेल्वेला तिकिटातून जे मिळत नसे ते जमिनीतून आणि दुकानातून मिळे. पुढे टोकियोतही हाच कित्ता गिरवला गेला. सरकारी अनुदानाविना नफ्यात चालणारी शहरी रेल्वे ही जगातील दुर्मीळ गोष्ट जपानमध्ये शक्य झाली, ती या गणितामुळे.

या यशातून एक अपेक्षा मात्र घट्ट रुजली : वाहतुकीने आपला खर्च आपणच काढला पाहिजे. १९८७ मध्ये सरकारी रेल्वेचे विभाजन करून तिच्या कंपन्या बनवल्या गेल्या, तेव्हा हीच अपेक्षा त्यांच्याकडूनही ठेवण्यात आली. २००२ मध्ये बसव्यवसायावरील निर्बंध शिथिल झाले. तोपर्यंत एखादा मार्ग बंद करायचा तर परवानगी लागत असे, त्यानंतर सहा महिन्यांची पूर्वसूचना पुरेशी ठरली. किफायतशीर मार्गांच्या उत्पन्नातून तोट्यातील मार्ग चालवण्याची जुनी रीत यामुळे मोडीत निघू लागली.

ट्रामचा बळी तर त्याआधीच गेला होता. १९३० च्या दशकात साठाहून अधिक जपानी शहरांत ट्राम धावत होत्या. मोटारी वाढल्या तशी ट्राम रस्त्यातील अडगळ ठरली. टोकियोने १९७२ पर्यंत एक मार्ग वगळता महापालिकेच्या सगळ्या ट्राम काढून टाकल्या, क्योतोची ट्राम १९७८ मध्ये गेली. मध्यम आकाराच्या शहरांत लोकांनी मोटारी घेतल्या, घरे दूर दूर बांधली गेली आणि बसची रांग आखूड होत गेली.

कोबायाशीच्या गणिताला एक गोष्ट आवश्यक होती. वस्ती सतत वाढत राहणे. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास सर्वोच्च बिंदूला पोहोचली आणि मग घसरू लागली. आज जवळपास दर दहा जपान्यांपैकी तिघे ६५ वर्षांवरील आहेत. कोरोनाच्या साथीने उरलीसुरली कसर भरून काढली. टोकियो परिसरातील गर्दीवर पोसलेल्या जेआर पूर्व कंपनीला २०२०-२१ या आर्थिक वर्षात सुमारे ५७८ अब्ज येनचा तोटा झाला. कंपनी स्थापन झाल्यापासून तिला वार्षिक तोटा होण्याची ही पहिलीच वेळ होती.

वृद्धांच्या दृष्टीने हा केवळ ताळेबंदाचा विषय नाही. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीने एका तरुण मातेचा व तिच्या लहान मुलीचा बळी घेतला. देश हादरला. त्या वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी आपले वाहन परवाने स्वेच्छेने परत केले. परवाना परत करणे हे जबाबदारीचे लक्षण खरे, पण घरापासून बसथांबा दूर असेल आणि त्या थांब्यावर बसच येत नसेल, तर त्या वृद्धाने दवाखाना आणि बाजार कसा गाठावा? जपानच्या शहरी वाहतुकीतील अलीकडच्या जवळजवळ सर्व हालचाली या प्रश्नाभोवती फिरताना दिसतात.

पहिले ठोस उत्तर दिले ते जपानी समुद्राकाठच्या तोयामा शहराने. सुमारे सव्वाचार लाख वस्तीचे हे शहर विरळ पसरलेले होते. लोकवस्ती जितकी विखुरलेली, तितका रस्ते, जलवाहिन्या आणि हिवाळ्यात बर्फ काढण्याचा खर्च जास्त. तत्कालीन महापौर मासाशी मोरी यांनी नागरिकांपुढे एक घरगुती उपमा मांडली. तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला ओवून केलेला दांगो हा जपानी खाऊ सर्वांच्या परिचयाचा. वाहतुकीचा मार्ग ही काडी आणि थांब्यांभोवतीच्या, पायी फिरता येईल अशा वस्त्या हे गोळे. काडी मजबूत असेल तर गोळे टिकतील.

एप्रिल २००६ मध्ये तोयामाने रेल्वेचा एक मरगळलेला मार्ग ताब्यात घेऊन त्यावर खालच्या उंचीच्या, पायरीविना चढता येईल अशा ट्राम सोडल्या. पूर्वी अर्ध्या तासाने किंवा तासाने येणारी गाडी दिवसभर साधारण दर १५ मिनिटांनी येऊ लागली. थांबे वाढले, शेवटच्या गाडीची वेळ रात्री उशिरापर्यंत नेण्यात आली. कामाच्या दिवसांतील प्रवासीसंख्या सुमारे दुपटीवर गेली. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी १०० येनमध्ये शहराच्या मध्यभागी येण्याची सवलत सुरू झाली. २००९ मध्ये मध्यवस्तीत वर्तुळमार्ग झाला आणि मार्च २०२० मध्ये शहराच्या उत्तर व दक्षिण भागांतील ट्राममार्ग शिंकान्सेन स्थानकाच्या खालून एकमेकांना जोडले गेले.

तोयामाचे महत्त्व केवळ सुबक गाड्यांत नाही. रूळ, थांबे आणि डागडुजी यांचा भार शहराने उचलावा, गाड्या कंपनीने चालवाव्यात, ही विभागणी तेथे रूढ झाली. २००७ मध्ये स्थानिक सार्वजनिक वाहतुकीसाठी केलेल्या कायद्याने तिला देशपातळीवर वाट करून दिली. रस्ता बांधताना तो नफ्यात चालेल का असे कोणी विचारत नाही, मग रुळालाच तो प्रश्न का, असा हा साधा युक्तिवाद होता.

उत्सुनोमियाने या युक्तिवादाची खरी परीक्षा घेतली. तोयामाकडे निदान जुने रूळ होते, येथे काहीच नव्हते. शहराच्या पूर्वेला किनुगावा नदीपलीकडे मोठमोठ्या औद्योगिक वसाहती आहेत, शेजारच्या हागा गावात होंडाचे संशोधन केंद्र आहे. हजारो कामगार रोज मोटारीने नदी ओलांडत आणि पुलांवर अडकत. ट्रामची कल्पना १९९० च्या दशकापासून चर्चेत होती, पण मोटारीच्या शहरात ट्रामवर पैसा का उधळायचा, असा विरोधही तितकाच तिखट होता. २०१६ च्या महापौर निवडणुकीत हाच मुद्दा गाजला आणि प्रकल्पाचे समर्थक एइइची सातो निसटत्या फरकाने निवडून आले. २०१८ मध्ये काम सुरू झाले. खर्च सुरुवातीच्या ४५ अब्ज ८० कोटींवरून ६८ अब्ज ४० कोटी येनवर गेला, मुहूर्त दोनदा लांबला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चाचणीच्या वेळी गाडी रुळांवरून घसरली. विरोधकांना यापेक्षा वेगळे काय हवे होते?

तरीही गाड्या सुरू झाल्या आणि प्रवासी अंदाजापेक्षा अधिक आले. कामाच्या दिवशी कामगार व विद्यार्थी येतील हे अपेक्षितच होते. सुटीच्या दिवशी मोठ्या संख्येने कुटुंबे आणि वृद्ध घराबाहेर पडतील, हे मात्र कोणी धरले नव्हते. मार्गावरील युइनोमोरी या नव्या वसाहतीत मुले इतकी वाढली की २०२१ मध्ये तेथे नवी प्राथमिक शाळा उघडावी लागली. मुलांअभावी शाळा बंद करणाऱ्या देशात ही बातमी ठरावी. आता हा मार्ग मुख्य स्थानकाच्या पश्चिमेला, जुन्या शहरात नेण्याची तयारी चालू आहे. हिरोशिमातही ऑगस्ट २०२५ पासून ट्राम उन्नत मार्गाने थेट मुख्य स्थानकाच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन थांबू लागली आहे. रेल्वेतून उतरून ट्राममध्ये बसण्यासाठी आता रस्त्यावर यावे लागत नाही.

उत्सुनोमियाच्या एका ट्राममध्ये १६० प्रवासी मावतात आणि ती एकच चालक चालवतो. नेहमीच्या शहरी बसच्या हे दुपटीहून अधिक आहे. ट्रामच्या पुनरागमनामागील हे कदाचित सर्वांत व्यावहारिक कारण ठरेल, कारण आज जपानमध्ये प्रवाशांपेक्षाही चालकांची टंचाई अधिक जाणवते. कोंगो जिदोशाने बंदची घोषणा करताना घटत्या उत्पन्नाबरोबर चालकांच्या तुटवड्याचेही कारण दिले होते. तेथील मुख्य मार्ग नगरपालिका आणि शेजारच्या दोन मोठ्या बस कंपन्यांनी मिळून कसेबसे चालू ठेवले, तेही कमी फेऱ्यांनिशी.

चालक का मिळत नाहीत, याचे उत्तर गेल्या दोन दशकांच्या काटकसरीत आहे. तोटा भरून काढण्यासाठी कंपन्यांनी पगार आखडते घेतले. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी दिवस दोन तुकड्यांत विभागला गेला, मधले तास ना कामाचे ना घराचे. तरुणांनी या नोकरीकडे पाठ फिरवली आणि चालकांचे सरासरी वय वाढत गेले. एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली, दोन पाळ्यांमधील किमान विश्रांती आठवरून नऊ तासांवर गेली. चालकाच्या आणि प्रवाशाच्याही जिवासाठी हे नियम योग्यच आहेत, पण तेवढ्याच माणसांत तेवढ्याच फेऱ्या बसेनाशा झाल्या. २०३० पर्यंत देशात ३६ हजार बसचालक कमी पडतील, असा जपानच्या बससंघटनेचा अंदाज आहे. योकोहामासारख्या महानगराच्या महापालिका बससेवेलाही २०२४ मध्ये फेऱ्या कमी कराव्या लागल्या. नागानो शहरात एका कंपनीने अनेक मार्गांवरील रविवारच्या बस बंद केल्या.

यावर उपाय चालू आहेत. कुमामोतोतील पाच बस कंपन्यांनी २०२१ पासून स्पर्धा सोडून मार्गांची संयुक्त आखणी सुरू केली. त्यासाठी मक्तेदारीविरोधी कायद्यात खास सवलत द्यावी लागली. याच कंपन्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये देशभर चालणारी वाहतूक कार्डे स्वीकारणे थांबवले. नवी यंत्रे बसवण्यास सुमारे १२१ कोटी येन लागणार होते, तर बँकांची कार्डे वाचणारी यंत्रे ६७ कोटींत येत होती. एकाच कार्डावर सारा देश फिरता येण्याचा जपानचा लौकिक मोठा, पण तो पेलण्याची ताकद लहान शहरांत उरलेली नाही, हेच यातून दिसले. बसचालकाच्या परवान्यासाठी किमान वय २०२२ मध्ये विशेष प्रशिक्षणाच्या अटीवर २१ वरून १९ करण्यात आले. २०२४ मध्ये परदेशी चालकांसाठीही दार उघडले गेले. फुकुई प्रांतातील एइहेइजी येथे २०२३ मध्ये, तर हिताची शहरात २०२५ मध्ये चालकाविना धावू शकणारी वाहने प्रवासी सेवेत आली. ही दोन्ही वाहने मुख्यतः बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर केलेल्या मार्गावरून धावतात, ही गोष्ट विसरून चालणार नाही. गर्दीच्या, वळणावळणांच्या रस्त्यावर माणसाची जागा घेणे यंत्राला अजून बरेच दूर आहे.

ट्राम हे सर्व शहरांवरचे औषध नव्हे. तिला पुरेशी वस्ती, रुंद रस्ता आणि मोठे भांडवल लागते. वस्तीच्या टोकापर्यंत जाणारी बस आणि ती चालवणारा माणूस नसेल, तर ट्रामचा थांबाही ओस पडेल. उत्सुनोमियाने ट्रामबरोबरच बसमार्गांची फेरमांडणी केली आणि त्यांना ट्रामच्या थांब्यांशी जोडले, ते याच जाणिवेतून. रुळांवर सार्वजनिक पैसा घालण्यास जपान आता तयार झाला आहे. तीच तयारी त्याला चालकाच्या पगारासाठीही दाखवावी लागेल. रूळ एकदा टाकले की पन्नास वर्षे टिकतात, चालक मात्र रोज सकाळी कामावर यावा लागतो.