टॅबमुळे मूल बोलायचं थांबत नाही

“टॅब हातात दिला की तो बोलायचे कष्टच घेणार नाही.” पुण्यात उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या आईला हे वाक्य घरातून, शेजारातून, कधी शाळेतूनही ऐकावं लागतं. घरात धाकटं भावंड असलं तर पुढची सूचना लगेच येते: “तिला तर हातही लावू देऊ नका, चांगली बोलायला लागलीये!” सांगणारे मायेपोटीच सांगतात, पण या सल्ल्यापायी मुलांची शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षं वाया जातात.

हा टॅब कार्टूनसाठी नसतो. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाउन सिंड्रोम अशा कारणांनी ज्यांना बोलता येत नाही किंवा ज्यांचं बोलणं इतरांना कळत नाही, त्यांच्यासाठी चित्रांचे फलक आणि बोलणारी अ‍ॅप असतात. थेरपिस्ट या सगळ्याला ‘एएसी’ म्हणतात. चित्र दाबलं की ‘पाणी’, ‘नको’, ‘अजून’ असा आवाज येतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मराठीत बोलतं आणि मोफत मिळतं.

याने बोलणं खुंटतं का? मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली २३ अभ्यासांतल्या ६७ जणांची माहिती तपासली. ज्यांच्याबाबत पुरावा सर्वांत भक्कम होता अशा २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलं. बहुतेकांचं थोडंच, पण वाढलं. उरलेल्यांचं होतं तसंच राहिलं. बोलणं कमी झालेला एकही नव्हता. एकही नाही! तरीही तोच सल्ला आजही तितक्याच खात्रीने दिला जातो.

“आधी बोलतो का पाहू, नाही बोलला तर टॅब” हेही टिकत नाही. अमेरिकेत रॉम्स्की आणि सहकाऱ्यांनी दहाही शब्द न बोलणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. २०१० साली निष्कर्ष आले. नुसत्या बोलण्याचा सराव दिलेल्या मुलांच्या तोंडी फार थोडे शब्द आले; बोलणारं यंत्र मिळालेल्या दोन्ही गटांचा शब्दसाठा त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठा झाला.

आता धाकटीचं. कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं खुणांची भाषा आणि बोली दोन्ही शिकतात. एकीमुळे दुसरी मागे पडत नाही. बोलकी मुलगी दादाचं बटण दाबून बघते, हसते आणि पुन्हा तोंडाने बडबडायला लागते, कारण तिला तेच सोपं पडतं. दादाचा मात्र मोठा फायदा होतो. भोवतालचे बोलतात म्हणून मूल बोलायला शिकतं. फलकाची भाषा घरात कुणीच वापरली नाही तर त्याने ती शिकायची कुणाकडून? चेंडू फेकताना ‘अजून’ दाबून दाखवणारी तीन वर्षांची बहीण त्याला ती शिकवतच असते.

पथ्य एवढंच: टॅब हा दादाचा आवाज आहे. वाक्य अर्धवट असताना तो हिसकावायचा नाही, त्याच्या वतीने उत्तर द्यायचं नाही, आणि मोठ्यांनी शिक्षा म्हणून तो काढून घ्यायचा नाही. धाकटीसाठी त्याच चित्रांची छापील प्रत लॅमिनेट करून ठेवावी.

उरलेले समज थोडक्यात. चार वर्षांचा होईपर्यंत थांबायची गरज नाही, किमान वयाची अट नाही. आधी सगळी चित्रं ओळखता यायला हवीत असंही नाही, ती वापरता वापरताच कळतात. स्क्रीनची धास्ती रास्त आहे, म्हणून बोलायच्या टॅबवर व्हिडिओ ठेवूच नयेत. कागदी फलकाला तर स्क्रीनच नसते. आणि हे लाड नव्हेत: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत अशा पर्यायी पद्धतींचा स्पष्ट समावेश केला आहे.

मूल बोलत नसेल तर आधी त्याची श्रवणचाचणी करून घ्या. धनकवडीच्या भारती विद्यापीठात वाचा-श्रवण शास्त्राचं महाविद्यालय आहे, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे. स्पीच थेरपिस्टच्या पहिल्याच भेटीत फलकाचा विषय काढा, आणि धाकटीलाही सोबत न्या.